दगडावरची भागीदारी

छपाईच्या इतिहासावरील पुस्तकांत एक गोष्ट हमखास भेटते. साल १७९६. म्युनिक शहरात आलोइस सेनेफेल्डर नावाचा चोवीस वर्षांचा तरुण आपल्या खोलीत चुनखडीचा एक दगड घासून गुळगुळीत करीत बसला होता. तेवढ्यात आई आली आणि म्हणाली, धोबीण दारात खोळंबली आहे, कपड्यांची यादी लिहून दे. हाताशी कागदाचा कपटा नव्हता, दौतीतली शाई वाळून गेलेली. तेव्हा त्याने मेण, साबण आणि काजळी यांची स्वतः बनवलेली शाई घेतली आणि यादी त्या दगडावरच लिहून ठेवली. पुढे ती पुसताना त्याच्या मनात आले, या दगडावर आम्ल ओतले तर काय होईल? आणि शिळामुद्रणाचा, म्हणजेच लिथोग्राफीचा, शोध लागला!

गोष्ट खुद्द सेनेफेल्डरने आपल्या पुस्तकात सांगितली आहे, त्यामुळे ती खोटी म्हणण्याचे कारण नाही. पण शेवटचे वाक्य मात्र त्याचे नाही, ते नंतरच्या लोकांनी जोडले. त्या दिवशी त्याला जे सापडले ते शिळामुद्रण नव्हतेच. शिळामुद्रणाला अजून दोन वर्षे अवकाश होता. त्या दोन वर्षांत काय घडले? एक भागीदारी झाली, थोडा नफा झाला, मग बराच तोटा झाला, यंत्रे मोडली, गिऱ्हाइके परत गेली आणि या सगळ्या खटाटोपातून एक अगदी नवे तत्त्व हाती लागले. त्या छोट्या भागीदारीची ही हकिकत आहे.

नाटककाराची अडचण

सेनेफेल्डरचा जन्म १७७१ साली प्राग शहरात झाला. वडील नट होते आणि पुढे म्युनिकच्या दरबारी रंगभूमीवर काम करू लागले. मुलाने वकील व्हावे म्हणून त्यांनी त्याला इंगोलश्टाटच्या विद्यापीठात कायदा शिकायला पाठवले. पण वडील वारले, मागे मोठे कुटुंब राहिले आणि शिक्षण अर्धवट सुटले. मुलाने वडिलांचाच रस्ता धरला. नाटकांत कामे केली, नाटके लिहिलीही. एका नाटकाच्या छपाईतून चार पैसे मिळाले. दुसऱ्या नाटकाच्या वेळी मात्र छापखान्याने उशीर केला, लाइप्झिगची पुस्तकजत्रा हुकली आणि जेमतेम खर्च भरून निघाला.

यातून त्याने काढलेला निष्कर्ष सरळ होता: लेखकाने आपले पुस्तक आपणच छापावे. पण छापखाना काढायचा तर शिशाचे खिळे हवेत, जुळारी हवेत, यंत्र हवे. एवढे भांडवल कुठून आणणार? तेव्हा त्याने खिळ्यांवाचून छापण्याचे मार्ग शोधायला सुरुवात केली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यावर उलटी अक्षरे कोरायची आणि आम्लाने ती खोल करायची, ही रीत त्या काळी सर्वांना ठाऊक होती. उलटे लिहिण्याचा सराव त्याने चिकाटीने केला. पण तांबे महाग आणि एकदा कोरलेला पत्रा पुन्हा घासून सपाट करणे जिकिरीचे. मग सरावासाठी त्याने केलहाइमचा दगड घेतला. म्युनिकमध्ये हा दगड फरशीसाठी वापरात होता, स्वस्त होता आणि त्याला आरशासारखी झिलई येत असे. सेनेफेल्डरने तो आधी शाई खलण्यासाठीच आणला होता.

धोबिणीची यादी लिहिली गेली ती याच दगडावर. यादीवर त्याने एक भाग तीव्र नत्राम्ल आणि दहा भाग पाणी यांचे मिश्रण ओतले. पाच मिनिटांनी पाहिले तर शाईखालचा दगड जसाच्या तसा होता आणि बाकीचा खाल्ला गेला होता. अक्षरे उठून आली होती, पण ती उंची जेमतेम पत्त्यांच्या जाडीएवढी. या उठलेल्या अक्षरांना शाई लावून त्याने छाप घेतला.

आता विचार करा. उठलेल्या भागाला शाई लावून छापणे ही तर लाकडी ठशाची जुनीच रीत. दगड आम्लाने कोरण्याची कलाही बव्हेरियात सोळाव्या शतकापासून चालत आलेली होती. म्हणजे १७९६ चा शोध हा एका जुन्या रीतीचे स्वस्त रूप होता. त्यात व्यापारी उपयोग होता, पण नवे तत्त्व नव्हते.

वादक भागीदार

हे स्वस्त रूप बाजारात आणायला पैसा लागणार होता. सेनेफेल्डरने एक विलक्षण मार्ग शोधला. बव्हेरियाच्या तोफखान्यात एका ओळखीच्या माणसाच्या जागी भरती व्हायचे आणि त्याच्याकडून २०० गुल्डन घ्यायचे. त्यासाठी तो इंगोलश्टाटला गेलाही. पण भरतीच्या वेळी त्याचा जन्म प्रागचा निघाला. तो बव्हेरियाचा रहिवासी नाही म्हणून त्याला परत पाठवण्यात आले.

याच सुमारास त्याच्या लक्षात आले की, हलक्या कागदावर वाईट रीतीने छापलेल्या संगीताच्या वह्याही बाजारात विकल्या जातात. मग आपल्या दगडावर संगीत का छापू नये? म्युनिकच्या दरबारी वाद्यवृंदात फ्रान्झ ग्लाइसनर नावाचा वादक होता. १७६१ साली जन्मलेला, म्हणजे सेनेफेल्डरपेक्षा दहा वर्षांनी मोठा. तो स्वतः रचना करी आणि त्या प्रसिद्ध करायला त्यालाही प्रकाशक मिळत नव्हता. दोघांची गाठ पडली आणि भागीदारी ठरली. ग्लाइसनर आणि त्याची पत्नी यांनी घरचे पैसे घातले, सेनेफेल्डरने हुन्नर घातला.

संगीतच का निवडले, हे समजून घेण्यासारखे आहे. युरोपीय स्वरलेखनात पाच आडव्या रेघा असतात आणि त्यांच्यावर, त्यांच्यामध्ये, त्यांना छेदून स्वरांची चिन्हे बसतात. शिशाचे खिळे एकमेकांशेजारी मांडता येतात, एकमेकांवर नाही. त्यामुळे खिळ्यांनी संगीत जुळवणे फार कटकटीचे होते. धातूचा पत्रा कोरणे हा दुसरा मार्ग, पण तो वेळखाऊ आणि महाग. दगडावर मात्र रेघ आणि स्वर दोन्ही एकाच लेखणीने सरळ लिहिता येत. शिवाय संगीताच्या वहीच्या काही शेकडा प्रतीच खपत, हजारो नव्हे. थोड्या प्रती, गुंतागुंतीचा मजकूर आणि कमी भांडवल: या तीन अटी जिथे एकत्र येतात तिथेच ही नवी रीत जुन्या रीतीला हरवू शकत होती.

१७९६ साली भागीदारांनी ग्लाइसनरच्याच बारा गाण्यांची वही छापली. सेनेफेल्डरने दिलेल्या हिशोबानुसार पंधरा दिवसांच्या आत काम झाले, विक्रीचे १०० गुल्डन आले, दगड, कागद आणि छपाई यांचा खर्च ३० गुल्डन झाला आणि ७० गुल्डन उरले. एक प्रत बव्हेरियाच्या राजाकडे, म्हणजे इलेक्टरकडे गेली आणि तिकडून १०० गुल्डनची बक्षिसी मिळाली.

विज्ञान अकादमीकडेही त्यांनी नमुना पाठवला. या रीतीचा स्वस्तपणा ठसावा म्हणून सेनेफेल्डरने सोबत लिहिले की, माझ्या छपाईयंत्राला अवघे सहा गुल्डन लागले. अकादमीकडून उत्तर आले. नमुन्याबद्दल समाधान व्यक्त केले होते आणि बारा गुल्डन पाठवले होते. खर्च सहाच झाला असल्याने दुप्पट रक्कम पुरेशी व्हावी, असा त्याचा भाव होता! शोधाची किंमत साहित्याच्या किमतीवरून ठरवली की काय होते, याचा याहून चांगला नमुना सापडणे कठीण.

नवे यंत्र, नवे नुकसान

पहिल्या यशाने धीर आला आणि भागीदारांनी मोठे यंत्र बनवून घेतले. म्युनिकचा संगीतविक्रेता फाल्टर याने कामही दिले. पण नव्या यंत्रावर एकही पान धड निघेना. रुळाखाली कागद सरके, शाई फासली जाई, दगड फुटत. महिनोन्महिने खटपट चालली. वजन वरून पाडून दाब देण्याचाही प्रयोग झाला, पण दगडच फुटू लागले. काम वेळेवर न झाल्याने फाल्टरने ते काढून घेतले आणि भागीदारांची पुंजी संपत आली.

खरा प्रश्न दाबाचा होता. तो आकड्यांत मांडून पाहू. समजा कागद ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब आहे. त्याचे क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटिमीटर. पूर्ण कागदावर एकाच वेळी दाब द्यायचा तर लावलेले बल १२०० चौरस सेंटिमीटरांवर विभागले जाते. आता त्याऐवजी ३० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंद अशा लाकडी पट्टीने कागदाच्या पाठीवरून दाबून घासत गेलो तर? एका क्षणी स्पर्शाखाली असलेले क्षेत्र केवळ १५ चौरस सेंटिमीटर. तेवढ्याच बलाने ऐंशी पट दाब मिळतो आणि तोही सगळ्या दगडावर एकदम न येता एका रेघेवरून पुढे सरकत जातो. चाकूला धार का लावतात, याचे जे उत्तर तेच याचेही.

सेनेफेल्डर या पट्टीच्या कल्पनेशी पोचला आणि त्याने लांब दांड्याला पट्टी बसवलेले यंत्र तयार केले. दगड फुटणे थांबले, छाप स्वच्छ येऊ लागले. घासपट्टीचे हे तत्त्व पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ जगभरच्या शिळाप्रेसमध्ये टिकून राहिले.

आणखी एक अडचण होती. अक्षरे पत्त्याच्या जाडीइतकीच उठलेली असल्याने शाई लावताना मधला खोलगट भागही माखे. सपाट फळीला कापड गुंडाळून त्याने हळू हाताने शाई लावून पाहिली. त्याने काम भागले, पण अडचण मुळातून गेली नाही. ही अडचण लक्षात ठेवा, कारण पुढचा शोध तिलाच कायमची निकालात काढणार होता.

१७९८: तेल, पाणी आणि दगड

शाळांसाठी पुस्तके छापणाऱ्या सरकारी छापखान्याचे संचालक श्टाइनर यांनी सेनेफेल्डरकडे काम आणले. त्यात हस्ताक्षरासारखा मजकूर होता. एवढे सगळे उलटे लिहीत बसण्यापेक्षा कागदावर सुलटे लिहून तेच दगडावर उतरवता आले तर? या विचाराने सेनेफेल्डर शाई आणि कागदाचे निरनिराळे प्रकार पारखू लागला.

या प्रयोगांत त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. गोंदाच्या पातळ पाण्याने भिजवलेल्या कागदावर तेलकट शाईची अक्षरे असली आणि त्यावरून तेली रंगाचा स्पंज फिरवला, तर रंग फक्त अक्षरांना चिकटतो, ओला कोरा कागद तो घेत नाही. जुन्या छापील पुस्तकाचे पान घेऊन त्याने हेच करून पाहिले. अक्षरे रंगली, कागद स्वच्छ राहिला. त्यावर कोरा कागद दाबताच उलटा छाप उमटला.

कागदावर जे घडते ते दगडावर का घडू नये? त्याने झिलई केलेल्या दगडावर साबणाने रेघा ओढल्या, वरून गोंदाचे पाणी ओतले आणि तेली रंगाचा स्पंज फिरवला. साबणाच्या रेघा काळ्या झाल्या, बाकी दगड कोरा राहिला. इथे उंचसखल काही नव्हते. छापणारा भाग आणि न छापणारा भाग एकाच पातळीवर होते. त्यांच्यातला फरक आकाराचा नव्हता, रसायनाचा होता.

हा खरा शोध. ठसा उठलेल्या भागावरून छापतो, कोरीव पत्रा खोल भागावरून छापतो. सपाट पृष्ठभागावरून छापण्याची ही तिसरी रीत त्यापूर्वी जगात कोणाला ठाऊक नव्हती. सेनेफेल्डर तिला ‘रासायनिक छपाई’ म्हणे आणि तेच नाव अधिक नेमके आहे. लिथोग्राफी, म्हणजे दगडावरचे लिखाण, हे नाव नंतर रूढ झाले. दगडाऐवजी धातूचा पत्रा वापरूनही हीच छपाई करता येईल, हे त्याने स्वतःच ओळखले होते.

दगडात नेमके काय घडते?

हा दगड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. शाईतल्या किंवा तेलकट खडूतल्या साबणात आणि चरबीत मेदाम्ले असतात. ती कॅल्शियमशी संयोग पावून कॅल्शियमचा साबण तयार करतात. आपला नेहमीचा साबण सोडियमचा असतो आणि पाण्यात विरघळतो. कॅल्शियमचा साबण विरघळत नाही. विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा फेस न होता पांढरा साका जमतो, तो हाच पदार्थ. दगडाच्या पृष्ठभागात तो घट्ट बसतो आणि तेवढा भाग पाणी झिडकारून तेलाला आपलेसे करतो.

उरलेल्या दगडावर बाभळीच्या जातीच्या झाडाचा गोंद आणि अगदी सौम्य नत्राम्ल यांचे मिश्रण फिरवतात. आम्लाचे काम आता दगड कोरण्याचे नाही. ते शाईतल्या साबणातून मेदाम्ल मोकळे करते आणि दगडाचा मोकळा भाग स्वच्छ करते. गोंदाचा पातळ थर तिथे चिकटून राहतो आणि तो पाणी धरून ठेवतो. मग दर छापाला तीन कामे: दगड ओला करणे, शाईचा रूळ फिरवणे, कागद ठेवून घासपट्टीखालून काढणे. ओला भाग शाई नाकारतो, तेलकट भाग घेतो. काम संपले की दगड घासून टाकायचा आणि पुन्हा नवा मजकूर लिहायचा.

कोणताही दगड चालत नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण यासाठी निरुपयोगी, कारण त्यात हे कार्बोनेट नाही. दगड कार्बोनेटचा, अतिशय बारीक आणि एकसारख्या कणांचा, पाणी थोडे शोषणारा हवा. बव्हेरियातील सोल्नहोफेन परिसरातला दगड असा आहे. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथल्या शांत खाऱ्या सरोवरांत बारीक चुनखडीचा गाळ थरावर थर साचत गेला. जो गाळ इतका बारीक की त्यावर लेखणीची रेघ उमटावी, त्यावर पिसाचीही रेघ उमटणारच. छपाईसाठी दगडाच्या खाणी वाढल्या आणि खाणकामगारांना त्यात जीवाश्म सापडू लागले. १८६१ साली तिथल्या एका पिसाच्या जीवाश्मावरून हेरमान फॉन मायर यांनी आदिपक्ष्याला ‘आर्किओप्टेरिक्स लिथोग्राफिका’ हे नाव दिले. उत्क्रांतीच्या धड्यात आपण शिकवतो त्या पक्ष्याच्या नावात सेनेफेल्डरच्या धंद्याची खूण अशी कायमची राहिली आहे.

परवाने आणि भांडणे

१७९९ साली सेनेफेल्डर आणि ग्लाइसनर यांना बव्हेरियात या छपाईचा पंधरा वर्षांचा एकाधिकार मिळाला. त्याच वर्षी ऑफेनबाखचा संगीतप्रकाशक योहान आंटोन आंद्रे म्युनिकला आला. त्याने हे काम पाहिले आणि २००० गुल्डन देऊन ती रीत शिकवण्याचा करार केला. दोघे भागीदार ऑफेनबाखला गेले. आंद्रेने नुकतीच मोत्सार्टच्या विधवेकडून त्याची हस्तलिखिते विकत घेतली होती. त्यांची यादी करण्याच्या कामात ग्लाइसनरचा हात लागला. संगीतशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव येते ते यामुळे.

आंद्रेचा बेत मोठा होता. त्याला युरोपच्या मुख्य शहरांत परवाने काढायचे होते. सेनेफेल्डर लंडनला जाऊन राहिला आणि १८०१ साली तिथले पेटंट मिळाले. तिकडे ग्लाइसनरची पत्नी परवान्याच्या खटपटीसाठी व्हिएन्नाला गेली. यातून आंद्रेशी बिनसले आणि सेनेफेल्डर व ग्लाइसनर दांपत्य व्हिएन्नाला गेले. १८०३ साली ऑस्ट्रियाचा परवाना मिळाला, ‘रासायनिक छापखाना’ या नावाचे दुकान निघाले. कापडावर छापण्याचाही घाट घातला गेला. पण पैसा मिळाला नाही. दुकान पुढे दुसऱ्यांच्या हाती गेले आणि झिगमुंड आंटोन श्टाइनर या प्रकाशकाने ते नावारूपाला आणले. बेथोवेनच्या कित्येक रचना पुढे त्याच प्रकाशनाने काढल्या. म्हणजे दुकान चालले, मूळ मालक मात्र हात हलवीत म्युनिकला परतले. ते साल होते १८०६.

परत येऊन पाहतात तो म्युनिकमध्ये त्यांची रीत गुपित राहिलीच नव्हती. सेनेफेल्डरच्या भावांकडून ती बाहेर पडली होती. सुट्टीच्या दिवशी कारागिरांच्या मुलांना शिकवणाऱ्या तिथल्या शाळेत हेरमान योसेफ मिटरर नावाचे चित्रकला शिक्षक होते. त्यांनी शाळेतच शिळाप्रेस उभारला होता. विद्यार्थ्यांसाठी चित्रांचे नमुने ते स्वतः छापत आणि यंत्रातही त्यांनी चांगली सुधारणा केली. धंद्याच्या दृष्टीने हे सेनेफेल्डरचे नुकसान होते. पण खडूने काढलेल्या चित्राच्या छटा दगडावरून किती सुंदर उतरतात, हे लोकांना दिसले ते अशाच कामांतून. एकाधिकाराचा कागद भागीदारांच्या पेटीत राहिला आणि कला बाहेर वाढत गेली.

शेवटी आधार मिळाला तो सरकारचा. बव्हेरियात शेतसाऱ्यासाठी सगळ्या जमिनीची मोजणी सुरू झाली होती आणि १:५००० प्रमाणाचे हजारो नकाशे हवे होते. तांब्यावर ते कोरणे परवडणारे नव्हते. नकाशा दगडावर कोरला आणि दगड जपून ठेवला की हवे तेव्हा प्रती काढता येतात, शेताची हद्द बदलली तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. १८०९ साली या खात्याच्या शिळाछाप विभागात सेनेफेल्डर निरीक्षक झाला, ग्लाइसनरलाही तिथेच नोकरी मिळाली. दोघांची पोटाची ददात मिटली. त्या मोजणीचे सुमारे २६ हजार दगड आजही म्युनिकमध्ये जतन करून ठेवलेले आहेत.

१८१८ साली सेनेफेल्डरने शिळामुद्रणाचे संपूर्ण पुस्तक प्रसिद्ध केले. शाईच्या पाककृतींपासून यंत्राच्या आराखड्यांपर्यंत त्याने सगळे उघड केले. पुढच्याच वर्षी त्याची इंग्रजी आणि फ्रेंच भाषांतरे झाली. ज्या वर्षी पुस्तक निघाले त्याच वर्षी ग्लाइसनर वारला. सेनेफेल्डर १८३४ साली गेला. आज कोशात सेनेफेल्डरला शोधक म्हणून जागा आहे आणि ग्लाइसनरला मदतनीस म्हणून एखादी ओळ. पण ग्लाइसनर दांपत्याचे पैसे आणि विकता येईल असा मजकूर नसता, तर त्या दोन अपयशी वर्षांत सेनेफेल्डर प्रयोग करत राहिला असता का?

आपल्याकडे

शिळाप्रेस भारतात लवकर आला. १८२२ साली कलकत्त्यात त्याचे काम सुरू झाले आणि मुंबईतही त्याच दशकात शाळांसाठी काही मराठी पुस्तके शिळाछाप निघाली. या रीतीचे आपल्या भाषांना मोठेच वरदान होते. संगीताच्या छपाईत जी अडचण, तीच देवनागरीतही होती. काना, मात्रा, वेलांट्या वर आणि खाली बसतात आणि जोडाक्षरांमुळे शेकडो वेगळे खिळे लागतात. दगडावर लिहिणाऱ्याला याचे काहीच ओझे नव्हते. वळणदार अक्षर लिहिणारा एक लेखनिक असला की पुरे.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी हे ओळखले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातले काम पाहून त्यांनी लाकडी यंत्र स्वतः तयार केले, दगड मिळवले, शाईचे प्रयोग केले. १८३१ साली त्यांनी पहिले छापील मराठी पंचांग काढले. तोवर पंचांगे जोशी लोक हाताने उतरवून देत. इथेही नीट पाहा: आकड्यांनी आणि कोष्टकांनी भरलेला मजकूर, घरोघरी मागणी आणि कमी भांडवल. ग्लाइसनरच्या वहीमागचा हिशोबच जणू मुंबईत पुन्हा मांडला गेला होता. पुढे १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला, तोही भागीदारीतच. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लाइखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. दगडावरून रंगीत देवदेवता महाराष्ट्राच्या भिंतींवर पोचल्या त्या या छापखान्यांतून.

दगड आता गेले. पण आजचे बहुतेक क्रमिक पुस्तक ऑफसेटवर छापले जाते आणि ऑफसेट म्हणजे तेच तेल आणि पाणी. फरक इतकाच की दगडाच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा आला आणि छाप आधी रबरावर पडून मग कागदावर उतरतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

शहाबादी फरशी ही चुनखडीचीच असते. तिचा तळहाताएवढा सपाट तुकडा बारीक वाळूने आणि पाण्याने घासून स्वच्छ करा. एका कोपऱ्यावर लिंबाचा रस टाका. येणारे बुडबुडे कार्बन डाय-ऑक्साइडचे, म्हणजे दगड कार्बोनेटचा आहे. तो कोपरा धुऊन तुकडा वाळवा आणि मेणखडूने एक जाड आकृती काढा. गोंदाचे पातळ पाणी स्पंजाने सगळीकडे फिरवा. तुकडा ओला असतानाच कापडाच्या बोळ्याने किंचित तेली रंग हलकेच टिपा. रंग कुठे बसतो आणि कुठे बसत नाही हे पाहा. वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासा. छाप ओबडधोबड येईल, रंग थोडा पसरेलही. मग मुलांना विचारा: पाणी कमी झाले तर काय होते? गोंद न घालता केले तर? काळ्या पाषाणावर करून पाहिले तर?

पहिल्या खेपेला छाप बिघडला तर तो टाकून देऊ नका. तो का बिघडला हे मुलांनाच शोधू द्या. त्या म्युनिकच्या दुकानात दोन वर्षे दुसरे काहीच चालले नव्हते.